वाटीवरची नावं

माझ्याकडे बायका ब्लाऊजचं माप द्यायला येतात आणि किस्सा ऐकून जातात. आमच्या श्रीरामपूरजवळच्या बेलापुरात हे आता सगळ्यांना माहीत झालंय. माझ्या गळ्यात टेप, हातात खडू, आणि समोरची म्हणते, "वैशाली, ते दवाखान्यातल्या मारुतीचं सांग ना गं!" की झालं, मी सुरू. एकदा बोलता बोलता एकीची बाही दुसरीच्या ब्लाऊजला लावून ठेवली होती. दोघींनीही काही म्हटलं नाही, कारण दोघीही ऐकत बसल्या होत्या.

नगरच्या एका मोठ्या दवाखान्यात कमी वजनाच्या बाळांचा विभाग आहे. सरकारी कागदावर आता अहिल्यानगर आलंय, पण आमच्या तोंडात नगरच बसलंय. त्या विभागाला लागून आयांची एक खोली होती. सहा खाटा, एक खिडकी, एक मोरी. तिथं मी चौतीस दिवस काढले. यातलं काही तू पुढं हसत हसत सांगशील, असं तेव्हा मला कुणी म्हटलं असतं तर मी कात्री फेकून मारली असती. आता हसत सांगते. मधेच रडते पण. बायकांना सवय झालीय. त्या तेवढा वेळ डब्यातली बटणं निवडत बसतात.

* * *

पहिल्यापासून सांगते.

संदीप माझा नवरा. मला पाचवा महिना संपत आला होता. उसाचा हंगाम नुकताच सुरू झालेला. संध्याकाळी श्रीरामपूरहून मोटारसायकलवर येताना तो रस्त्यात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळला. ट्रॉलीला लाल दिवा नव्हता, चमकणारी पट्टी नव्हती, काही नव्हतं. जागेवर गेला. तो एकुलता एक. घरात उरलो दोघी, मी आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणते.

सातव्या महिन्यात माझं बीपी चढलं, हातपाय सुजले आणि एक दिवस झटका आला. शुद्धीवर आले ती दोन दिवसांनी. पोटावर हात फिरवला तर पोट गेलेलं, नुसते टाके. आत्याबाई शेजारी बसल्या होत्या. त्यांनी मोबाईल माझ्या डोळ्यांपुढे धरला. फोटोत काचेची पेटी, आत नळ्या, आणि नळ्यांच्या मधे काहीतरी लाल लाल.

"पोरगी हाय," त्या म्हणाल्या. "जित्ती हाय."

"वजन किती?"

"अकराशे पन्नास."

माझं तोंड बघून त्या घाईघाईनं म्हणाल्या, "ग्रॅमच हायेत गं, पर अकराशे हायेत!"

* * *

डॉक्टरांनी सरळ सांगून टाकलं होतं. पोरीची आतडी कच्ची आहेत. पावडरचं दूध तिला सोसेल याचा भरवसा नाही. आईचं दूध मिळालं तर ती धरेल. आणि आईकडे काय होतं? बीपीच्या गोळ्या, बिनमिठाचं जेवण, टाक्यात पू आणि अंगात ताप. छाती कोरडी ठणठणीत!

त्या खोलीचा कारभार मोठ्या सिस्टरांकडे. पांढरे केस, पायात स्लिपर, आवाज पार गेटपर्यंत. दर तीन तासांनी दारात उभ्या राहून त्या टाळी वाजवायच्या. टाळी झाली की आम्ही सहाही जणींनी हात धुवायचे, आपापली वाटी घ्यायची, भिंतीकडे तोंड करून बसायचं आणि हातानं दूध काढायचं. बाळांना ओढायची ताकद नव्हती. वाटीतलं दूध नळीनं त्यांच्या पोटात जायचं.

पहिल्या दिवशी मी अर्धा तास पिळत बसले. पाच थेंब निघाले. मोजले मी. लाजेनं वाटी पदराखाली लपवली, तर सिस्टरांनी ती काढून घेतली आणि बिनसुईच्या सिरींजमध्ये ते पाच थेंब ओढायला लागल्या. एकही वाटीला चिकटू दिला नाही.

"सिस्टर, एवढ्याशानं काय होणार?"

"तिचं पोट केवढं आहे माहितीये? बोराएवढं! जेवण झालं तिचं."

मी हुंदके द्यायला लागले. तशा त्या दारातून वळून म्हणाल्या, "रडायला बंदी नाहीये. पण हात चालू ठेवून रडायचं!"

पुढे कितीतरी दिवस आम्ही सगळ्या तशाच रडलो.

* * *

पाचव्या दिवशी संदीपची एक चुलती भेटायला आली. बाळाला बघायला आत सोडत नव्हते, म्हणून माझ्या खाटेपाशी बसली. केळी आणली होती. इकडचं तिकडचं झालं. मग हळूच माझ्याकडे बघत म्हणाली, "दुःखानं दूध आटतं गं बाई. कुठून येणार तुला? आणि पोरगी बी अशी, की पोटात असतानाच बापाला खाल्लं."

मी भिंतीकडे बघत बसले. खोटं कशाला बोलू, हे मी स्वतःशी पण म्हणून बघितलं होतं एकदा.

आत्याबाई खाली बसून माझ्यासाठी अळीव निवडत होत्या. अळिवानं दूध येतं म्हणून रोज खीर करायच्या, दवाखान्याच्या आवारात पेशंटच्या नातेवाईकांसाठी शेड होती तिथं चूल मांडून. त्यांनी ताट बाजूला ठेवलं, उठल्या, केळ्यांची पिशवी उचलली आणि चुलतीच्या हातात दिली.

"माझा ल्योक ट्रॉलीनं खाल्ला," त्या म्हणाल्या. "पोरीला दात तरी आलेत का?"

चुलती गेली. पिशवी फाटून दोन केळी मात्र खाटेखाली पडली होती. ती आम्ही संध्याकाळी वाटून खाल्ली.

* * *

आता मारुतीचं सांगते.

वाट्या सगळ्यांच्या स्टीलच्या, सारख्याच. कुणाची कुठली ते कळावं म्हणून त्यांवर चिकटपट्टी लावून नाव लिहायचे. पण वाट्या रोज उकळायच्या असतात. उकळल्या की पट्ट्या निघून पातेल्यात तरंगायच्या. मोठ्या सिस्टर वैतागल्या. "उद्यापासून घरून नाव घातलेली वाटी आणायची," त्यांनी फर्मान काढलं. "कोरलेलं नाव उकळून जात नाही!"

सिस्टर होत्या शहाण्या, पण एक गोष्ट विसरल्या. आपल्याकडे भांड्यावर नाव असतं ते वापरणाऱ्याचं नाही. देणाऱ्याचं असतं!

दुसऱ्या दिवशी टाळी झाली आणि सहा वाट्या पुढे आल्या. एकीवर कुणातरी दाजींचं नाव. एकीवर 'वास्तुशांतीनिमित्त'. एकीवर 'कैलासवासी आईच्या स्मरणार्थ', ती बघून सिस्टरांनी कपाळाला हात लावला. राजूरकडच्या डोंगरातली एक पोरगी होती, विशीचीही नसेल, कधी तोंड वर करून बोलायची नाही. तिच्या वाटीवर होतं, 'मारुती मंदिर, पंक्तीची भांडी'.

"अरे वा!" सिस्टर म्हणाल्या. "मारुतीरायाचं बाळ कुठल्या पेटीत ठेवलंय?"

पोरगी खाली मान घालून म्हणाली, "सात नंबर."

खोलीभर हशा पिकला. टाके दुखतात म्हणून मी पोट धरून हसले. संदीप गेल्यापासून पहिल्यांदा. सात नंबरचं बाळ म्हणजे मुलगी होती, तरी दवाखान्यातून घरी जाईपर्यंत सगळे तिला मारुतीच म्हणायचे. वाटी देवळात परत गेली की नाही ते काही मला ठाऊक नाही.

* * *

माझ्या शेजारच्या खाटेवर मंगल होती. पाथर्डीकडची. नवरा-बायको ऊसतोडीला आलेले, कारखान्याजवळ उसाच्या पाचटाची कोपी घालून राहायचे. फडातच तिला कळा सुरू झाल्या आणि दवाखान्यात पोचायच्या आधी गाडीतच बाळंत झाली. मुलगा, चौदाशे ग्रॅम, रक्तात जंतू. पण दूध! पाच मिनिटांत तिची वाटी काठोकाठ भरायची. माझ्या वाटीचा तळसुद्धा झाकायचा नाही.

आत्याबाईंनी 'ऊसतोड' एवढा शब्द ऐकला आणि आपली पिशवी उचलून खाटेच्या पलीकडच्या बाजूला नेऊन ठेवली. मंगलकडे पाठ करून बसायच्या. ती समोरून आली तर खिडकीबाहेर बघायच्या.

आणि नेमकं काय व्हावं? आत्याबाईंना वाचता येत नाही. घरून वाटी आणताना त्यांनी हाताला लागली ती आणली, माझ्या लग्नातली. तिच्यावर कोरलेलं होतं, 'सौ. मंगल, पुणतांबा यांजकडून'. संदीपची ती मावशी. आणि या मंगलची वाटी होती दवाखान्याबाहेरच्या दुकानातून पोरासाठी घेतलेली, कोरी. कोपीत नाव घातलेली भांडी कुठून असणार?

मोठ्या सिस्टरांना हे सगळं पाठ होतं. पण त्या एक दिवस रजेवर गेल्या आणि एक नवीन सिस्टर आली. तिनं नाव वाचलं, मंगल. माझे डझनभर थेंब मंगलच्या पोराला घातले. कोरी वाटी उरली ती राहिलेल्या बाळाची, म्हणून मंगलचं दूध माझ्या पोरीच्या नळीत गेलं.

मंगल पोराला काचेतून बघायला गेली होती, तिच्या ध्यानात आलं. ती ओरडली नाही. परत येऊन मला म्हणाली, "ताई, आज आपली वाटी बदलली वाटतं."

ओरडल्या आत्याबाई! "ज्या ट्रॉलीनं माझं पोरगं नेलं, त्या ट्रॉलीवाल्याचं दूध माझ्या नातीच्या पोटात? काढा! नळीनं घातलंय ना, नळीनं काढा!" डॉक्टर धावत आले. चूक आमची आहे, म्हणाले, माफी मागितली. दोघींच्या रक्ताचे रिपोर्ट पुन्हा काढून बघितले, स्वच्छ होते. त्या नवीन सिस्टरचे डोळे भरून आले होते. आत्याबाई काही ऐकेनात.

मंगल खाटेवरून उठली. "आजी," ती म्हणाली, "ट्रॉली आमची नसती वो. आमी फकस्त भरतो."

आत्याबाईंनी तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वजन केलं, तर पोरीचं वीस ग्रॅम वाढलेलं! जन्मल्यापासून पहिल्यांदा काटा वर गेला होता. मोठ्या सिस्टर हजर झाल्या होत्या. त्यांनी मला बजावून सांगितलं, एका वाटीनं वजन वाढत नसतं, ते वाढायचंच होतं. खोलीतल्या बायकांना काय सांगणार? सगळ्या मंगलकडे बघायला लागल्या.

आत्याबाई एवढंच म्हणाल्या, "काटा बिघडलाय."

* * *

माझा ताप काही उतरेना. पोरीला दिवसातून तासभर उघड्या छातीशी बांधून ठेवायचं असतं, त्या उबेनं अशी बाळं तग धरतात. मला ताप, म्हणून सिस्टरांनी आत्याबाईंना बोलावलं.

"या वयात छाती उघडी करू?" आत्याबाई लाजून चूर झाल्या. "काय बाई तरी!"

"आजी, आम्हाला फक्त तुमची ऊब पाहिजे," सिस्टर म्हणाल्या. "बाकी काही मागत नाही!"

खोलीतच पडदा लावून त्यांना खुर्चीत टेकून बसवलं. पोरीला त्यांच्या छातीवर बेडकासारखं पालथं ठेवलं आणि वरून फडकं गुंडाळलं. एवढीशी ती, पण तोंड इकडेतिकडे करत काहीतरी शोधायला लागली.

"अगं बये," आत्याबाई पुटपुटल्या, "हिला कुणीतरी सांगा. खानावळ बंद हून तीस वर्षं झाली!"

मी हसले. त्याही हसल्या आणि हसता हसता त्यांचा चेहरा एकदम वेडावाकडा झाला. "संदीप असाच हुंगायचा," म्हणाल्या. "अगदी असाच." डोळे पुसायचे तर दोन्ही हातांत पोर. त्यात मागची गाठ सुटायला लागली. मला सलाईन लावलेलं, मला उठता येईना. सिस्टर आत गेलेल्या.

मंगल उठली. पडद्यामागे गेली आणि काही न बोलता आत्याबाईंच्या पाठीमागे उभं राहून गाठ बांधली.

"घट्ट झाली का, आजी?"

पडद्यामागून आत्याबाईंचा आवाज आला, "हं."

पाच दिवसांत मंगलशी त्यांचा तो पहिला शब्द. मंगल मला येऊन म्हणाली, "बोलल्या!"

* * *

पुढचं सांगताना मी शिलाई बंद करते.

मंगलचं पोर पंधरा दिवसांचं होतं. त्या सकाळी टाळी झाली नाही. मोठ्या सिस्टर दारात आल्या, सरळ मंगलच्या खाटेपाशी गेल्या आणि तिच्या शेजारी बसल्या. सिस्टर कधी कुणाच्या खाटेवर बसत नसत. आम्हाला सगळ्यांना कळलं. मंगललाही कळलं, कारण तिनं काही विचारलंच नाही.

नवरा आला आणि पोराला फडक्यात घेऊन गेला. मंगलच्या बाळंतपणाचे टाके उसवले होते, म्हणून तिला आणखी चार दिवस सुट्टी नव्हती. ती खाटेवर बसून राहिली. कुणी जेवण आणलं तर ती ताट मांडीवर घेऊन तशीच बसायची.

दुपारी टाळी झाली. मंगल उठली. मोरीवर हात धुतले, वाटी घेतली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. तिला थांबवायचं कुणी? कुणाला तोंड होतं? तिचा ब्लाऊज पुढून सगळा भिजला होता. पाच मिनिटांत वाटी भरली. मग तिनं त्या वाटीकडे बघितलं आणि तेव्हा तिच्या ध्यानात आलं.

ती माझ्याकडे नाही आली. आत्याबाईंकडे गेली.

"आजी, हे माह्याच्यानं थांबंना," ती म्हणाली. "तुमी म्हनाल तर ताईच्या लेकीला घालू द्या. नाय म्हनाल तर मोरीत वतते. मला राग नाय."

मला ते दूध हवं होतं. माझी वाटी त्या दिवशीसुद्धा तळापुरतीच होती आणि पोरीचं वजन तीन दिवस जागचं हललं नव्हतं. इतकं हवं होतं, की मंगलच्या तोंडाकडे बघायची मला लाज वाटत होती. तिचं पोर सकाळी गेलं होतं आणि मी दुपारी तिच्या वाटीकडे बघत होते.

आत्याबाई उठल्या. दोन्ही हातांनी वाटी घेतली, एक थेंब सांडू न देता आतल्या दारापर्यंत गेल्या आणि हाक मारली.

"सिस्टर, अंगठा कुठं करायचा?"

डॉक्टर आले. त्यांनी मंगलला दोनदा विचारलं, मला दोनदा विचारलं. रिपोर्ट बघितले, तिच्या गोळ्यांची चिठ्ठी बघितली, मग कागद काढला. सिस्टर म्हणाल्या, "आजी, यावर फक्त या दोघींच्या सह्या लागतात. तुमचा अंगठा लागत नाही."

"लागू दे न्हाईतर नगं लागू दे," आत्याबाई म्हणाल्या. "माझा बी घ्या!"

त्या कागदाच्या कोपऱ्यात त्यांचा निळा अंगठा अजून असेल.

* * *

चार दिवस मंगलनं टाळी चुकवली नाही. चौथ्या दिवशी तिची टोळी दुसऱ्या कारखान्याकडे निघाली आणि नवरा तिला न्यायला आला. आत्याबाईंनी आपलं मऊ झालेलं जुनं पातळ फाडलं, मंगलला पडद्यामागे नेलं आणि दूध थांबायला तिची छाती बांधून दिली. उगी उगी म्हटल्या नाहीत, काही नाही. बाहेर आल्या तेव्हा दोघींचे डोळे लाल होते.

मंगलची वाटी खिडकीत धुऊन पालथी घातलेली होती. मी ती तिच्या पिशवीत घालायला गेले.

"ऱ्हाऊ द्या ताई," ती म्हणाली. "म्या नेऊन काय करू?"

नवऱ्याचा मोबाईल नंबर मी लिहून घेतला होता. तो नंतर कधीच लागला नाही. दर हंगामात कारखान्याच्या रस्त्याला कोप्या पडल्या की आत्याबाई मला सांगतात, जरा विचारून बघ. मी गाडी थांबवून विचारते. पाथर्डीची मंगल म्हटलं की तिथल्या बायका म्हणतात, कोणती मंगल?

* * *

त्याच आठवड्यात माझा ताप उतरला आणि माझं दूध वाढायला लागलं. अळिवानं वाढलं की सिस्टरांच्या टाळीनं, देव जाणे. आधी तळ झाकला, मग अर्धी वाटी झाली. सव्विसाव्या दिवशी सिस्टरांनी पोरीला पहिल्यांदा माझ्या छातीला लावलं. तिनं शोधलं, धरलं आणि ओढलं. एक, दोन, तीन. आणि झोपली!

"तीन!" आत्याबाई एवढ्यानं ओरडल्या की बाहेरचा वॉचमन आत डोकावला.

"चला," सिस्टर म्हणाल्या, "आता शाळेत नाव घाला हिचं."

मला त्या क्षणी संदीपची फार आठवण आली. त्याला फोन करून सांगावंसं वाटलं. त्याचा नंबर अजून माझ्या मोबाईलमध्ये होता. मी मोबाईल हातात घेतला आणि परत ठेवला. पोरगी जागी झाली आणि चौथ्यांदा ओढलं.

चौतिसाव्या दिवशी आम्ही तिघी घरी आलो. वजन सोळाशे वीस.

* * *

बारसं केलं तिसऱ्या महिन्यात. नाव आरोही ठेवायचं, हे संदीपनं आधीच सांगून ठेवलं होतं, मुलगी झाली तर म्हणून. आदल्या आठवड्यात आत्याबाई मला म्हणाल्या, "श्रीरामपूरला जाऊ. वाटीवर नाव घालायचंय." पोरीला त्यांनी छातीशी बांधलं. आता तशी गरज नव्हती, पण त्यांना तीच सवय पडली होती. पिशवीत फडक्यात गुंडाळलेली मंगलची ती कोरी वाटी.

भांड्यांच्या दुकानात नाव घालायला गणेश बसतो. संदीपच्या वर्गातला. त्यानं आधी पोरीला बघितलं, गालाला बोट लावलं, मग वाटी हातात घेतली आणि मशीनचं पेन उचललं.

"बोला काकू, काय घालू?"

"कुमारी आरोही हिस," आत्याबाई म्हणाल्या.

मशीन घरघरलं. त्यानं झोकात नाव घातलं, फुंकर मारून चुरा उडवला.

"कोणाकडून? आजीकडून घालू ना?"

"न्हाई."

"मग मामाकडून?"

"न्हाई रं. भावाकडून घाल."

गणेशनं मशीन बंद केलं. आत्याबाईंकडे बघितलं, मग माझ्याकडे. संदीपच्या तिरडीला त्यानं खांदा दिला होता. आमच्या घरात आता कोण कोण उरलंय, ते त्याला चांगलं ठाऊक होतं. मी मान खाली घातली आणि पोरीचं टोपडं सारखं करत बसले.

"काकू," तो हळूच म्हणाला, "भावाचं नाव काय घालू?"

आत्याबाईंनी पोरीच्या पाठीवरून हात फिरवला.

"त्याचं बारसं न्हाई झालं," त्या म्हणाल्या. "नुसतं भावाकडून घाल."